चालायचंच!

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३८ (१अ) नावाचे एक पोटकलम घातले गेले. रस्ता सुरक्षेसाठी पादचारी आणि बिगरयांत्रिक वाहने यांच्या हालचालींचे व प्रवेशाचे नियमन करणारे नियम राज्य सरकारांना करता येतील, असे ते सांगते. राज्यांनी पोटकलम वाचले आणि जपून ठेवले. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फर्मावले, की सहा महिन्यांत नियम करा. इतक्या वर्षांत जे सुचले नाही ते सहा महिन्यांत कसे सुचायचे, या काळजीने मंत्रालयातल्या कुणा कक्ष अधिकाऱ्याला डबा गोड लागत नसेल. म्हणून आम्हीच, पुण्याचे करदाते आणि तूर्त दोन्ही पाय शाबूत असलेले नागरिक या नात्याने, मसुदा करून देत आहोत. मानधन नको. निविदाही काढू नये.

आजवर कागदाची काही टंचाई नव्हती. रस्त्याची जागा वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी वाटा, असे केंद्राच्या नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच सांगून ठेवले. पुणे महापालिकेने २०१६ साली खास पादचारी धोरण मंजूर केले. त्यात पायी चालणारा पहिल्या नंबरावर आहे. २०१७ साली सायकल आराखडा झाला. २०१८ साली पार्किंग धोरण आले. ते शहरभर लागू करायचे म्हणता म्हणता 'आधी प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्ते' इथवर आक्रसले, आणि त्या पाचांचाही मुहूर्त वर्षानुवर्षे लागला नाही. धोरण मंजूर करताना सभागृहात गोडीगुलाबी असते, कारण धोरणाने कुणाची गाडी उचलली जात नाही.

या सगळ्या कागदांची चूक एकच. त्यांनी रस्त्याला सुधारायला सांगितले. आमचा मसुदा तसला आगाऊपणा करत नाही. रस्त्यावर आज जे चालते, तेच आम्ही नियमात लिहिले आहे. त्यामुळे अंमलबजावणी पहिल्या दिवसापासून शंभर टक्के आणि खर्च शून्य. ठळक कलमे अशी:

कलम १. अंमल. हे नियम आधीपासूनच लागू असल्याने तारीख घालण्याची गरज नाही.

कलम २. पदपथावरील हक्काचा क्रम. पदपथावर पहिला हक्क वीज कंपनीच्या डीपी बॉक्सचा. दुसरा, वाढदिवसाच्या फ्लेक्सचा. फ्लेक्समधील युवा नेतृत्वाची मान झुकू नये म्हणून बांबू फरशीत ठोकण्याची मुभा राहील. तिसरा, घाईतल्या दुचाकीचा. चौथा, दोन चाके वर आणि दोन खाली ठेवून विसावलेल्या मोटारीचा. पाचवा, 'काम चालू' असा फलक लावून काम बंद असलेल्या खड्ड्याचा. यानंतर जागा उरल्यास पायी माणसाने तिचा वापर करावा, मात्र रेंगाळू नये.

पोटकलम (अ): अतिक्रमण विभागाची गाडी आल्यास तिने भाजीची हातगाडी तराजूसकट उचलावी. त्या हातगाडीला खेटून सकाळपासून उभ्या असलेल्या पांढऱ्या मोटारीकडे पाहू नये. हातगाडीने पदपथ अडतो. मोटार तिथे फक्त 'लावलेली' असते.

कलम ३. पदपथावरून वाहन चालवणे. वाहतुकीच्या केंद्रीय नियमांत आजही लिहिले आहे, की गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय पदपथावर गाडी घालू नये. ही जाचक अट आम्ही काढत आहोत. दुचाकीस्वाराने मागून येऊन हॉर्न वाजवणे हीच रीतसर नोटीस समजावी आणि पादचाऱ्याने विनाविलंब रस्त्यावर उतरावे. रस्त्यावर उतरल्यास मोटारवाले 'फुटपाथवरून चाला ना!' असे ओरडतील. दोन्ही सूचनांचे एकाच वेळी पालन करावे.

कलम ४. अंध व्यक्तींसाठी सोय. रेघारेघांच्या पिवळ्या फरश्या सर्व पदपथांवर बसवाव्यात. त्या कुठे जातात, हा प्रश्न फरशी विभागाच्या अखत्यारीत येत नाही. सध्या यांतल्या काही झाडाच्या आळ्यात जातात, काही डीपीला धडकतात, काही लोखंडी खांबाशी येऊन थांबतात. व्हीलचेअर आत जाऊ नये एवढ्या जवळ ते खांब रोवावेत. मोटारसायकल जाईल इतके अंतर मात्र ठेवावे.

कलम ५. रस्ता ओलांडणे. झेब्रा पट्टे दरवर्षी नव्याने रंगवावेत, कारण ते ठळक असले म्हणजे सिग्नलला गाडी नेमकी कुठे उभी करायची ते चालकाला कळते. पट्टे या कडेपासून निघून दुभाजकापाशी संपावेत. तिथे कठड्याला फट ठेवू नये. पादचाऱ्याने दुभाजकापर्यंतचा प्रवास कायदेशीर आणि पुढचा व्यायाम समजावा. पिशवी आधी पलीकडे टाकावी, मग एक पाय. साडी नेसलेल्या ज्येष्ठ महिलांनी पुढच्या चौकातून वळसा घालावा; डॉक्टरांनी चालायला सांगितलेलेच असते.

सिग्नलवरचा हिरवा माणूस धावताना दाखवावा. तो सध्या चालताना दिसतो, त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो. सिग्नल नसेल तिथे उजवा तळहात वाहनांकडे करून 'थांब बाबा' अशी मुद्रा धरावी. हा हात राज्यातील एकमेव विनाअनुदानित वाहतूक नियंत्रक असून त्याच्या देखभालीची जबाबदारी शासनावर राहणार नाही.

कलम ६. मोठे प्रकल्प. उड्डाणपूल आधी बांधावा, माणसांचे नंतर बघावे. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडला. तो पाहायला टीव्हीसमोर निम्मे पुणे जागे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल समारंभाने खुला झाला. बसमधून उतरलेल्या माणसाने तो महामार्ग पायी कसा ओलांडायचा, हा प्रश्न उद्घाटनानंतर निघाला आणि पादचारी पूल त्यामागून मार्गी लावावा लागला. हाच क्रम यापुढे आदर्श मानावा. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल तर २०२० साली पाडून टाकले, कारण मेट्रोला ते आड येत होते. पूल चुकला तर पाडता येतो, त्यासाठी पैसा मिळतो. पदपथ चुकला तर तो तसाच राहतो, कारण पाडण्याइतकाही तो कुणाच्या लक्षात येत नाही.

कलम ७. पादचारी दिन. महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन ठरवला आणि लक्ष्मी रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद केला. रांगोळ्या काढल्या, बाके मांडली, लोक रस्त्याच्या मधोमध चालले आणि कुणी मेले नाही. उपक्रम स्तुत्य आहे. बैलपोळा, नागपंचमी यांच्याप्रमाणे पादचाऱ्यालाही वर्षातून एकदा पुजावे. दुसऱ्या दिवशी त्याने कामाला लागावे.

कलम ८. दोषनिश्चिती. धडक झाल्यास चालकाचे 'तो अचानक मध्ये आला' हे निवेदन पुरेसा पुरावा मानावे. तो कशाच्या मध्ये आला, हे विचारू नये.

या कलमावर मात्र आमची लेखणी थोडी अडखळली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. रोज सरासरी ९० माणसे अशी 'अचानक मध्ये' येत होती. हे कुणी विक्रम करायला निघाले नव्हते. दूध आणायला, बस पकडायला, शाळेतून पोराला घ्यायला निघाले होते.

आता सगळा दोष सरकार आणि महापालिकेच्या माथी मारून मोकळे व्हावे, तर त्यातही अडचण आहे. हेल्मेट घाला असे मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम सांगते. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी ते मनावर घेतले, तर त्याविरुद्ध दुचाकी फेरी निघाली. डोक्यावर हेल्मेटऐवजी पुणेरी पगडी होती. सगळ्या पक्षांचे सूर जुळायला एरवी कसब लागते, इथे ते काम एका टोपीने केले. असा आमचा स्वाभिमान. पदपथावर लागलेली गाडी ही शहराची शिस्त बिघडल्याची खूण, आणि आपली गाडी तिथे असेल तर 'दोनच मिनिटं हो, औषध घेऊन आलोच'. टोइंगवाल्यांनी शेजाऱ्याची उचलली तर कारवाई, आपली उचलली तर वसुली. पार्किंगला पैसे पडणार म्हटल्यावर ज्या शहरात मोर्चे निघतात, तिथे बापाच्या मोडलेल्या खुब्यासाठी लाखाचे बिल मात्र मुकाट्याने भरले जाते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. म्हणजे राज्यघटनेचा एकविसावा अनुच्छेद आता थेट फरशीपर्यंत आला आहे. तो तिथे पाय ठेवील तेव्हा त्यानेही खाली बघून चालावे. चेंबरचे झाकण दोन इंच वर आहे.

मसुद्यावर हरकती व सूचना नेहमीप्रमाणे मागवण्यात येतील. आमची पहिली हरकत आम्हीच नोंदवतो: नवे नियम होवोत, जरूर होवोत, पण त्यांची वाट पाहत बसायचे कारण नाही. पदपथावर गाडी घालू नये, हा नियम आहे. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, हे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली लिहून ठेवले आहे. रस्त्यातले अडथळे हटवण्याचा अधिकार महापालिका अधिनियमात आहे. पावती पुस्तके छापून तयार आहेत. नाही ती फक्त फाडण्याची इच्छा, आणि फाडली तर मुकाट्याने भरण्याची.

तेव्हा वाचकहो, तुमच्या प्रभागातला नगरसेवक 'समस्या सांगा' म्हणत दारात आला, तर निवेदन देऊ नका आणि चहाही विचारू नका. त्याला म्हणावे, चला, कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जरा चालत जाऊ. सोबत आईला घ्या. आणि निघण्यापूर्वी आपली गाडी पदपथावरून काढा.