तीन नळ्यांची ओसरी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दोन-चार वर्षं काढली, की ओळखीतले लोक हळूच विचारू लागतात, "बोट कधी घेताय?" इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. सरकारी मोजणीत ती ११,८४२ भरतात. एवढ्या पाण्याच्या शेजारी राहून कोरडं राहणं बरं दिसत नाही.

कुटुंबासाठी म्हटलं की पाँटून. ॲल्युमिनियमच्या लांबलचक नळ्या, त्यांवर सपाट तक्तपोशी, भोवती कठडा आणि गुबगुबीत बाकं. थोडक्यात, वाड्याची ओसरीच इंजिन लावून पाण्यात सोडलेली. ही कल्पना इथल्याच रिचमंड गावच्या ॲम्ब्रोज वीरेस या शेतकऱ्याची. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लोखंडी पिंपं जोडून त्यांवर लाकडी फळ्या ठोकल्या. शेतकऱ्याचंच डोकं ते. बुडायचं नाही, एवढी एकच अट त्याने घातली असावी.

आता मात्र उडदामाजी काळेगोरे निवडायची वेळ येते. जानेवारीत, गोठलेल्या तळ्यांवरून लोक बिनधास्त गाड्या हाकत असताना, मिनिॲपोलिसला बोटींचं प्रदर्शन भरतं. तिथे आम्ही दोन बोटींपाशी अडलो. दोन्ही बावीस फुटी, दोन्ही राखाडी, दोन्हींत पेले ठेवायच्या खळग्या माणसांपेक्षा जास्त. विक्रेता हॉर्सपॉवरबद्दल बोलत होता, बायको बाकांखालच्या कप्प्यांत हात घालून कुकर मावेल का ते बघत होती. मी दोन्ही माहितीपत्रकं शेजारी शेजारी धरून विद्वान दिसायचा प्रयत्न केला.

साताऱ्याहून आलेल्या आईने तीनच प्रश्न विचारले. "चढताना पाय किती उचलायचा? ऊन कुठून येणार? आणि मोरी?" विक्रेत्याचा हॉर्सपॉवर तिथेच आटला. एका बोटीच्या दाराशी चांगला वीतभर उंबरा निघाला. छत दोन्हींना होतं, पण फक्त मागच्या अर्ध्या भागावर, म्हणजे पुढे बसणाऱ्यांचे पापड. मोरीबाबत दोन्ही कंपन्यांचं एकमत होतं: नाही.

खरा फरक खाली होता. एकीला दोन नळ्या, दुसरीला तीन. दोन नळ्या शांत तळ्यात, शांत माणसांना पुरतात. आपल्याकडे "तो बघ बगळा!" म्हटलं, की झाडून सगळे एकाच कठड्याकडे धावतात, फोन काढतात आणि बोट त्या अंगाला कलते. मधली तिसरी नळी बोट तोलून धरते. शिवाय मिनेटाँका तळ्यावर रविवारी मोठ्या बोटींच्या लाटा येतात, त्यांनाही ती बरी पडते. पैसे जास्त पडतात, पण मराठी मंडळींना घेऊन जायचं तर माझं मत स्पष्ट आहे: तिसरी नळी घ्या, हॉर्सपॉवर सोडा, उंबरा आईला दाखवून घ्या.

आम्ही तीच घेतली. तिच्या पाटीवर माणसं किती हे लिहिलंय आणि त्याखाली एकूण वजनही. आपल्या मंडळींत आकडा आधी वजनाचाच गाठला जातो, कारण बटाटेवड्यांचं पातेलंही त्यातच धरावं लागतं. तेव्हा जूनमध्ये इकडे येणार असाल तर जरूर कळवा. डबा तुमचा, पेट्रोल आमचं. फक्त वजन खरं सांगा.