पूर्वाश्रमीच्या बादलीची शेती

ज्या गावात घराच्या मागच्या दारापासून नारळी-पोफळीच्या बागा सुरू होतात, त्या दापोली तालुक्यातील आंजर्ल्यात फुटक्या बादलीत मेथी लावण्याचे शास्त्र सांगणे वरकरणी अनावश्यक वाटेल. परंतु आगर, म्हणजे घरालगतची शिंपणाची बाग, ही मुळातच कष्टाची संस्था आहे. तिला शिंपणे लागते, आळी लागतात, झावळ्या ओढाव्या लागतात आणि माडावर चढणारा गडी मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. प्रस्तुत शास्त्राचा उगम मात्र कष्ट टाळण्याच्या प्रामाणिक इच्छेत आहे. शिवाय ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरची आगरे आडवी केली, तेव्हा नवा माड फळाला येण्यास सहा-सात वर्षे लागतात आणि मेथीला जेमतेम तीन-चार आठवडे, हा हिशेब ज्याला त्याला आपोआप कळला.

या शास्त्रात ‘भांडे’ ही संज्ञा मूळ कामातून निवृत्त झालेल्या, पण टाकून देण्याचे धैर्य घरात कोणालाही न झालेल्या वस्तूला लावतात. कान तुटलेले घमेले, तेलाचा पत्र्याचा डबा आणि हर्णै बंदरातून मासळीबरोबर आलेले थर्माकोलचे खोके ही मध्यम प्रतीची भांडी होत. रंगाचे आणि कीटकनाशकाचे डबे मात्र कितीही धुतले तरी वर्ज्य समजावेत. उत्तम भांडे म्हणजे तळ गेलेली बादली, कारण अन्यत्र जो दोष तोच येथे गुण ठरतो. दापोली तालुक्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाच्या बादलीच्या तोंडात एका मोसमात दोनशे लिटरांहून जास्त पाणी येते, आणि तळाला भोके नसतील तर त्या बादलीत भाजीऐवजी डास पिकतात. धड बादली उपलब्ध असल्यास तिला तापल्या खिळ्याने पाच-सहा भोके पाडावीत. हे या पद्धतीतील सर्वात मोठे श्रम होत.

तळाशी नारळाची सोडणे, म्हणजे वरच्या सालीचे तुकडे, घालावीत. ती स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात आणि त्यामुळे पाणी घालण्याचे विसरणाऱ्यास उन्हाळ्यातही एखाद्या दिवसाची मुभा मिळते. त्यावर जांभ्याची तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा समभाग मिसळून भरावा. ही माती आम्लधर्मी असल्याने चुलीतील राख चिमूटभर चालते, मूठभर नव्हे. माती तपासून घेण्याची हौस असणाऱ्यांसाठी दापोलीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, परंतु एका घमेल्याचा नमुना घेऊन जो एस.टी.त बसेल त्याने अल्पश्रमाचा मार्ग सोडला असे समजावे.

बियाण्यासाठी बाजारात जाण्याचे कारण नाही. मेथी मिसळणाच्या डब्यातच असते. धणे मात्र आधी रगडून दुभागावे लागतात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. मायाळूचा वेल एका कांडीवरून लागतो आणि पडवीच्या खांबावर स्वतःच्या जबाबदारीने चढतो. परंतु या सर्वांहून श्रेष्ठ असा अळू होय. कोकणात तो मोरीच्या सांडपाण्यावर इतक्या पिढ्या वाढत आला आहे, की त्या पद्धतीला पद्धत म्हणण्याचे कोणास सुचले नाही. अल्पश्रमाचे रहस्य नेमके तेथे आहे: भांड्यापाशी पाणी न्यायचे नसून, जेथे तांदूळ धुतलेले पाणी रोज पडतेच तेथे भांडे न्यायचे असते. अळूच्या पानांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खाजतो, म्हणून फदफद्यात आमसूल किंवा चिंच घालून पाने पुरती शिजवतात. तेवढे श्रम क्षम्य आहेत.

माडाखाली भांडे ठेवू नये, कारण तेथे ऊन येत नाही आणि नारळ येतो. जुलैच्या झडीत पालेभाजी कुजते, तेव्हा कडी शाबूत असलेली बादली पडवीत ओढून घेता येते, हा तिचा घमेल्यावरचा निर्णायक विजय. वानरांवर उपाय उपलब्ध नाही.

राहिला फळाचा प्रश्न. जूनमध्ये लावलेला अळू, माठ आणि भेंडी भाद्रपदात हाती येतात. त्याच सुमारास चाकरमानी गावी येतात, कड्यावरच्या गणपतीला गर्दी होते आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी घरोघर ऋषीची भाजी शिजते. या भाजीत बैलाच्या कष्टाचे काहीही चालत नाही. बादलीत बैल उतरत नसल्याने तिच्यातील सर्व पीक या कसोटीस निरपवादपणे उतरते. माणसाचेही कष्ट नसावेत की कसे, याविषयी मात्र परंपरेने काही सांगितलेले नाही.