पान्यावर उभे राहणारे मामा

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात पिकअपची रांग लागली की तिच्यात कुठेतरी एक मामा असतातच. कुणाचे मामा, हे विचारायचं नाही. पंक्चर झालेल्या प्रत्येक गाडीचे ते मामा. पोरगं स्टेपनी चढवून नट आवळत असतं, मामा लांबून बघत असतात, आणि न राहवून पुढे येतात. "सरक बाजूला. जेवत नाहीस का घरी?"

मग व्हील पान्याला दोन फुटी पाईप चढतो आणि पाईपवर मामा चढतात. आधी एक पाय, मग दुसरा, मग हौद्याची फळी धरून दोन हलके झोके. नट कुईकुई करायला लागला की मामांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. लहान पिकअपच्या नटाला साधारण शंभर ते दीडशे न्यूटन-मीटर जोर पुरतो. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला दहा-पंधरा किलोचं वजन. मामा भरतात ऐंशी किलो. त्या दोन फुटी पाईपवर नुसते उभे राहिले तरी जोर तिप्पट-चौपट होतो. झोके वेगळे.

क्रमाचंही तसंच. एक नट झाला की त्याच्या समोरचा घ्यावा, फुलीसारखा, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. मामा एका नटापासून निघतात आणि प्रदक्षिणा पूर्ण करूनच थांबतात. वर गंज चढू नये म्हणून आट्यांना जळकं ऑइल. ओल्या आट्यांवर तेवढ्याच जोरात नट आणखी ओढला जातो, हे त्यांना सांगून बघा. "मग चांगलंच की!"

खरी गंमत पुढे आहे. चाक धरून ठेवतो तो स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो आणि परत आखडू बघतो. त्या ओढीवर चाक टिकतं. हद्दीबाहेर ताणला की तो पहिल्यासारखा आखडत नाही. म्हणजे मामांनी जिवाच्या आकांताने आवळलेला नटच एक दिवस सैल पडू शकतो. हे मात्र मामांना कुणी सांगत नाही. वयाचा मान असतो.

नट सैल राहण्याची त्यांची भीती खोटी नाही, हेही खरं. सैल नटाची गाडी घाटात चाक कसं सोडून देते, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. फक्त त्या भीतीने आवळून आवळून घरातला एकही नळ धड उरलेला नाही. वॉशर आणून आणून मामी वैतागल्यात.

मग एखाद्या रात्री चंदनापुरीच्या घाटात तीच गाडी पुन्हा पंक्चर होते. मागे टोमॅटोचे क्रेट, हातात मोबाइलची बॅटरी, आणि नट जागचा हलत नाही. पोरगं फोन लावतं, "मामा, सुटेना ओ!" पलीकडून आवाज येतो तो आनंदाचा. "सुटेल कसा? मी आवळलाय!" जोर लावून स्टड तुटलाच तर दोष लोखंडाचा. हल्ली लोखंडात दम राहिला नाही, हे मामांचं ठाम मत आहे.

भाच्याने शेवटी टॉर्क रेंच आणला. ठरवलेला जोर पुरा झाला की तो 'टक्' वाजतो. मामांनी तो हातात घेतला, टक् ऐकलं, म्हणाले, "तुटला वाटतं," आणि वरून एक हिसका दिलाच.

तेव्हा चाक बदललंत तर नट फुलीने आवळा, गाडी खाली उतरवून पुऱ्या जोराने घ्या, पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून पुन्हा एकदा तपासा. आणि तोवर मामांच्या हातात गरम चहाचा ग्लास द्या. दोन्ही हातांनी धरावा लागेल इतका गरम.