खोडवा धावपटूचे व्यवस्थापन

ऊस तुटून गाडी कारखान्याला गेली की रानात बुडखे उरतात. त्यांना पुन्हा फुटवे येतात. त्या पिकाला खोडवा म्हणायचं. बेण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, सरी पाडायची नाही. म्हणून शेतकरी त्याकडे फुकटचं पीक म्हणून बघतो, पाणी सोडून विसरून जातो आणि पुढच्या वर्षी टनेज पडलं नाही म्हणून बोंबलतो. पंचेचाळिशी ओलांडल्यावर पुन्हा पळायला लागणाऱ्या माणसाचं तंतोतंत असंच असतं. कॉलेजात असताना आपण तालुक्यात तिसरे आलो होतो, या एका बुडख्याच्या भरवशावर तो पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर काढायला जातो आणि रिक्षाने परत येतो.

प्रस्तुत मार्गदर्शन शिरूर आणि दौंड तालुक्यांतील अशा खोडवा धावपटूंसाठी आहे. लेखक शिरूरचा, सासरवाडी दौंड, वय ४७, पेशाने मास्तर. तिसरा आलेला तो मीच. त्या शर्यतीत पोरं किती होती, हा प्रश्न इथे गौण आहे.

माती परीक्षण

खत टाकण्याआधी माती तपासा, असं कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय आणि आपण दुकानदाराला विचारून खत टाकतोय. इथे तसं करू नये. दहा-पंधरा वर्षांत जिन्यापलीकडे काही चढला नसाल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर आणि ईसीजी बघून घ्या. पळताना छातीत दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, चक्कर आली, तर थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. आपल्याकडे अशा वेळी 'पित्त झालंय' म्हणून सोडा पाजण्याची प्रथा आहे. ही प्रथा मोडावी. एवढा परिच्छेद विनोदाशिवाय वाचावा.

पुढचा नमुना वजनाचा. किलोमधलं वजन उंचीच्या मीटरमधल्या आकड्याने दोनदा भागायचं. येणारा आकडा जगात इतरत्र २५ च्या आत चालतो. आपल्या माणसांसाठी डॉक्टरांनी रेघ २३ वर आणून ठेवली आहे आणि २५ ला सरळ लठ्ठ म्हणतात, कारण आपली चरबी हातापायांना न विचारता थेट पोटात साठते. माझा आकडा आला २९.८. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. ती टेप लावून मोजायची, पँटचा नंबर सांगायचा नाही. पँट दरवर्षी पोटाखाली बोटभर सरकत गेल्यामुळे माझा नंबर लग्नापासून ३४ च आहे.

उसाच्या पट्ट्यात वजन हा चेष्टेचा विषय नाही. काटा मारलेला असतो, यावर इथल्या प्रत्येकाची श्रद्धा आहे. उसाचा काटा कमी दाखवतो आणि बाथरूममधला जास्त, एवढाच फरक. तेव्हा खात्री करायला मी एका मित्राच्या भुईकाट्यावर गेलो. दोन ट्रॅक्टरच्या मधल्या वेळात पत्र्यावर एकटा उभा राहिलो. हा काटा दहा-दहा किलोच्या पायरीने मोजतो. घरचे ८४ किलो तिथे ८० दिसले. एका झटक्यात चार किलो! खिडकीतून मित्राने विचारलं, "मास्तर, भरलेलं का रिकामं?" मी मिसळ खाऊन गेलो होतो. "भरलेलं," म्हणालो. त्याने तशी पावती फाडून दिली. ती जपून ठेवावी, पुढे लागते.

हवामान आणि जमीन

या दोन तालुक्यांत जमिनीची अडचण नाही, अडचण माणसांची आहे. आपल्याकडे मोठा माणूस पळायला लागला तर त्याला कारण लागतं. एसटी सुटतेय, बैल सुटलाय, कुणीतरी गेलंय किंवा कुत्रं मागे लागलंय. यांपैकी काही नसताना मी पहिल्या सकाळी न्हावरा रोडला पळत निघालो, तर पारावरचे एक आजोबा काठी टेकत उठलेच. "मास्तर, कुणाचं काय झालं?" कुणाचं काही नाही, वजन कमी करतोय, म्हटल्यावर त्यांचा चेहरा अधिकच पडला. "डॉक्टरांनी कधीपर्यंतचं सांगितलंय?"

मोटारसायकलवाले थांबतात. ही माया समजावी. "बसा मास्तर, सोडतो की" याला नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मी गेलो त्या अंतरापैकी निम्मं दुसऱ्याच्या गाडीवर गेलो. तोडगा असा की कानात काहीतरी घालून ठेवायचं. वायर कशालाही जोडलेली नसली तरी चालते.

महत्त्वाकांक्षी माणसाला मात्र इथला भूगोल फार अनुकूल आहे. शिरूर घोड नदीच्या काठावर, दौंड भीमेच्या, आणि दोन्हीकडे पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. घरून निघून पूल पार करून परत आलं की 'आज अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत पळालो' असं शाळेत खरेपणाने सांगता येतं. अंतर विचारण्याआधी तासाची घंटा होते.

अवजारे

बूट चांगले घ्यावेत, कारण पळताना प्रत्येक पावलाला पायावर अंगाच्या दोन-अडीच पट भार येतो. ८४ किलोचा हिशेब ज्याने त्याने करावा. पण बूट नाहीत म्हणून पळणं थांबलंय, ही सबब आपल्या पट्ट्यात चालणार नाही. शेजारच्या बारामतीत २०१३ साली लता भगवान करे या साठी ओलांडलेल्या बाई नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी पैसे हवेत म्हणून मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या. नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. मी हे वाचलं तेव्हा साडेसहा हजारांचे बूट घालून कॉटवर बसलो होतो.

लागण व पाणी

पळायचं कुठे? भरतीची पोरं पळतात तिथे. पहाटे पाचला प्रत्येक गावच्या मैदानावर आणि कालव्याच्या रस्त्यावर ती भेटतात. दौंडला तर राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट, ५ आणि ७, नानवीजला प्रशिक्षण केंद्र. तिथल्या हवेतच शिट्टी आहे. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर पळायचं असतं आणि पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर ते ५ मिनिटं १० सेकंदांत. पहिल्या दिवशी त्यांतला एक माझ्या शेजारून जाताना अत्यंत आदराने म्हणाला, "काका, कुठली भरती?" एवढं बोलायला त्याला श्वास पुरला. मला उत्तर द्यायला पुरला नाही.

यातूनच वेगाचा नियम निघतो. तज्ज्ञ म्हणतात, पळताना बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. आपल्याकडे त्याचं मोजमाप तयार आहे. समोरून कुणीतरी 'राम राम' घालणारच. उलट 'राम राम मंडळी' एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर. पहिला राम आणि दुसरा राम यांच्यात तीन पावलं पडली तर वेग जास्त आहे. दुसरा राम आलाच नाही तर बसून घ्यावं.

अंतर मोजायला घड्याळ नको, विजेचे खांब आहेत. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. दोन आठवड्यांनी दोन पळायचे, दोन चालायचे. आठवड्याला एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. खोडव्याला एकदम पाणी तोडून चालत नाही तसं एकदम पाट फोडूनही चालत नाही. मी तिसऱ्याच आठवड्यात पाट फोडला. त्याचं फळ पुढे 'रोग' या मथळ्याखाली दिलं आहे.

नांग्या भरणे हे यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम. जिथे फुटवा आला नाही तिथे रोप लावायचं. शरीरात ती जागा मांड्यांची. वयानुसार स्नायू झिजतात आणि त्यांचा भार गुडघ्यावर येतो. उपाय उठाबशा. २००९ च्या कायद्याने शाळेत शिक्षा बंद होण्यापूर्वी मी किती पोरांना उठाबशा काढायला लावल्या याची मोजदाद नाही. आता रोज संध्याकाळी ओट्याला धरून वीस काढतो. मुलगी मोजते. अर्धवट झाली की धरत नाही.

खत व्यवस्थापन

इथे खरी मेख आहे. साधारण हिशेब असा: एक किलोमीटर पळायला अंगातल्या दर किलोमागे एक उष्मांक जळतो. म्हणजे पाच किलोमीटरला माझे ४२०. एक किलो चरबीत ७७०० च्या आसपास असतात. एक किलो उतरवायला अशा अठरा सकाळी. आणि एका वडापावात ३०० धरा, म्हणजे साडेतीन किलोमीटर. पळून आल्यावर 'आज चालतं' म्हणून स्टँडसमोर उभं राहणाऱ्याने हा हिशेब खिशात ठेवावा. वजन ताटात उतरतं, रस्त्यावर फक्त टिकतं. हे कळायला मला तीन महिने आणि दीड किलो वाढीव वजन लागलं.

दीक्षित की दिवेकर, दोनदा जेवायचं की थोडं थोडं, या वादात पडू नये. दौंडला तिसरा पंथ आहे, सासूबाईंचा. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या वहीत या गावाचं स्पेलिंग 'धोंड' असं होतं, आणि अधिक महिन्यात जावयाला धोंडे घालतात ते कुठलेही असले तरी मला इथलेच वाटतात. २०२३ च्या अधिक श्रावणात आम्ही गेलो. तांब्याच्या ताम्हणात तेहतीस अनारसे, वर दिवा. धोंडे वेगळे, पुरणाचे, तुपात बुडवलेले. "मी सध्या पळतोय," मी सांगून पाहिलं. सासूबाईंनी पदराला हात पुसले. "मग तर खाल्लंच पाहिजे, जावईबापू. अंगात नको का काही?" मेहुणा शेजारून म्हणाला, "दाजी, उद्या दोन खांब जास्त पळा." तेहतीस अनारशांचे खांब मोजले तर पाटसच्या पुढे जातात.

वारीत चालून वजन उतरतं, हाही भ्रमच. एका वर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर लोणी काळभोरहून यवतपर्यंत चाललो. पंचवीसेक किलोमीटर. वाटेत केळी, चहा, राजगिऱ्याचे लाडू, पुन्हा चहा. नाही म्हटलं तर पाप लागतं. यवतला गावभरच्या घरांतून आलेल्या भाकऱ्या आणि कढईतलं पिठलं. माझ्या शेजारी सत्तरीतल्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी एक भाकरी खाल्ली, दुसरी फडक्यात बांधली आणि पाय चोळत बसल्या. त्यांना पुढे वरवंड, बारामती करत पंढरपूर गाठायचं होतं. मी चौथी मागितली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने परत आलो.

खोडव्याला खत पहारीने देतात. बुडाशी भोक पाडून, खोल, थोडं थोडं, दोन वेळा. फोकून दिलेलं वाया जातं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, अंडं, मुठीत मावतील एवढे शेंगदाणे, चहाला साखर अर्धी, हे माझ्याबाबत पहारीचं काम झालं. साखर अर्धी केली हे साखरपट्ट्यात मोठ्याने बोलू नये.

रोग व इतर उपद्रव

सकाळी कॉटवरून पाय खाली टेकताच टाचेत खिळा ठोकल्यासारखं झालं आणि दहा पावलांनी ते कमी झालं, तर तो तळपायाच्या पडद्याचा आजार. पाट फोडल्याचं फळ ते हेच. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची, पोटऱ्या ताणायच्या आणि गपगुमान पुन्हा एक खांब पळणं, दोन खांब चालणं इथून सुरुवात करायची. दीड महिना जातो.

हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, पुढे गाणी. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळावं. ट्रॉलीतून पडलेलं टिपरं उचलून खाण्याचा मोह होतो. त्याचा हिशेब वरच्या मथळ्याखाली बघावा.

बिबट्याबद्दल थट्टा करवत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात त्याची पिढीच्या पिढी उसात जन्मली. तोडणीला बछडी सापडतात. माणसं गेलीत, लहान लेकरं गेलीत. अंधारात, एकट्याने, उसाच्या कडेने पळायचं नाही. उजाडू द्या, सोबत घ्या, हातात बॅटरी, मोबाईलवर मोठ्याने गाणं. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं, म्हणून बुटाची नाडी घरीच दुहेरी गाठीने बांधून निघावं. भरतीच्या पोरांनी मला गटात घेतलं ते यामुळे. त्यांची अट एकच, मोबाईल आणि चपला मी सांभाळायच्या. शेवटी मीच पळत असल्यामुळे ते सगळं माझ्या पिशवीत असतं. सहा पोरांची बारा पायताणं घेऊन पळणारा मास्तर लांबून ओळखू येतो.

पोरांनी मला अविनाश साबळेची गोष्ट सांगितली. आष्टी तालुक्यातला पोरगा, सैन्यात असताना वजन ७६ पर्यंत गेलेलं, पंधरा-वीस किलो उतरवले आणि २०२२ ला राष्ट्रकुलात स्टीपलचेसचं रौप्य आणलं, सोन्यापासून पाच शतांश सेकंद मागे. "काका, तुमचे ८४ च आहेत," एकजण धीर देत म्हणाला. वजन उतरवलं तेव्हा साबळे बावीस-तेवीस वर्षांचा होता. त्याची पहिलीच लागण होती, हे मी बोललो नाही.

तोडणी व वजन

सात महिन्यांनी १६०० मीटर मी न थांबता पळालो. पोरांनी वेळ लावली होती, ११ मिनिटं ४० सेकंद. भरतीत याला गुण किती, विचारलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाने माझ्या हातातली पिशवी घेतली.

घरचा काटा ७८ दाखवत होता. पण घरच्या काट्यावर कोण विश्वास ठेवणार? सकाळी चहासुद्धा न घेता जुनी पावती घेऊन भुईकाट्यावर गेलो. ट्रॅक्टर बाजूला लावायला सांगितलं. पत्र्यावर उभा राहिलो. लाल आकडे थरथरले आणि थांबले. ८०.

"भरलेलं का रिकामं?" मित्राने विचारलं.

"रिकामं."

त्याने जुनी पावती मागून घेतली, नवी तिच्याशेजारी ठेवली आणि पेनाने आकडेमोड केली. "भरलेलं ८०, रिकामं ८०. निव्वळ माल शून्य. मास्तर, काट्याचे पैसे तेवढे द्या."