खिसा उघडा, मालक

पॉल स्कीन्सने २०२५ च्या मोसमात नऊ इनिंगमागे सरासरी दोन धावासुद्धा स्वतःच्या माथी येऊ दिल्या नाहीत. आकडा १.९७. नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. आणि त्याच्या नावावरचा हिशेब काय, तर दहा विजय आणि दहा पराभव. इतका उत्तम पिचर जेवढे सामने जिंकला तेवढेच हरला, कारण त्याच्यासाठी धावा काढणारे बॅटर मालकाने आणलेच नव्हते. संघ ७१ सामने जिंकला, ९१ हरला. मी पिट्सबर्ग पायरेट्सची चाहती आहे, आणि यंदा मनात जे साचलंय ते या सदरात एकदाच सांगून टाकणार आहे. त्यात बेसबॉल आहे, आणि बेसबॉल बघता बघता दिसतं ते बाकीचं आयुष्यही आहे.

पिचरसाठी घड्याळ लावलं, ते उत्तम केलं. २०२३ पासून बेस रिकामे असतील तर चेंडू पंधरा सेकंदांत टाकायचा. धावपटू उभा असेल तर तेव्हा वीस, आता अठरा सेकंद. त्याआधी सामना तीन तासांच्या वर चालायचा, आता तो दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटपतो. ‘हा काळाच्या बंधनात नसलेला खेळ होता, त्याचा आत्मा गेला’ असं म्हणणारे अजून भेटतात. गेलं काय, तर दर चेंडूनंतर बॅटरने बाजूला होऊन हातमोज्याचे पट्टे सोडायचे आणि पुन्हा आवळायचे, तेवढंच. आलं काय, तर सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला मधल्या वारी रात्रीचा सामना शेवटपर्यंत बघता येतो. शाळेतल्या पोराला नववी इनिंग दिसते. १६२ सामन्यांचा मोसम ज्यांच्या जिवावर चालतो, त्यांच्या झोपेची कुणीतरी कदर केली.

जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू उभा करायचा नियम मात्र मोडीत काढा. जो माणूस कष्टाने तिथे पोचला नाही, त्याच्या धावेवर सामना का संपवायचा? प्लेऑफमध्ये हा नियम नसतो, म्हणून तर २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना अठरा इनिंग चालला. डॉजर्स आणि ब्लू जेज सहा तास एकोणचाळीस मिनिटं झुंजले आणि शेवटी फ्रेडी फ्रीमनच्या होम रनवर निकाल लागला. ऑक्टोबरमध्ये जे चालतं ते जूनमध्ये का चालू नये?

२०२६ च्या मोसमापासून बॉल की स्ट्राइक, यावर दाद मागता येते. बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्याला हात लावतो, कॅमेरे निवाडा देतात. प्रत्येक संघाला दोन संधी, आणि दाद खरी ठरली तर ती संधी शाबूत राहते. अंपायरचा मान राखून चूक दुरुस्त होते, हे मला पटतं. ज्यांना पटत नाही त्यांनी २६ जुलै २०११ ची रात्र आठवावी. अटलांटात पायरेट्स आणि ब्रेव्हज एकोणिसाव्या इनिंगमध्ये होते. होम प्लेटकडे येणाऱ्या धावपटूला आमच्या कॅचरने प्लेटच्या कितीतरी आधी टॅग केलं, आणि अंपायरने हात पसरून ‘सेफ’ दिला. सामना तिथेच संपला. चूक झाली हे अंपायरने नंतर मान्य केलं, पण निकाल तोच राहिला. असल्या निर्णयांसाठी व्हिडिओवर तपासणी यायला २०१४ उजाडलं. तंत्र हाताशी असताना ते न वापरण्यात कसलीही परंपरा जपली जात नाही.

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना हौसेने पायरेट्सच्या मैदानावर, पीएनसी पार्कला नेते. तिसऱ्या इनिंगला कुणीतरी म्हणतंच, ‘हे तर सोपं क्रिकेट आहे. सगळे फुलटॉस.’ मला क्रिकेट प्रिय आहे, आणि म्हणूनच हे वाक्य खपत नाही. साडेसाठ फुटांवरून ताशी ९५ मैलांनी निघालेला चेंडू प्लेटपाशी यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. त्यात तो शेवटच्या क्षणी खाली बसतो किंवा बाजूला सरकतो. बॅट गोल, चेंडू गोल, आणि मारायचं समोरच्या काटकोनात. एवढं करून चेंडू नीट लागला, तर तो थेट कुणाच्या तरी हातमोज्यात जातो. दोन्ही खेळ अवघड आहेत, अवघडपणाच्या जागा वेगळ्या आहेत. क्रिकेटमध्ये एक चूक झाली की दिवस संपतो, इथे बॅटरला चार वेळा तरी संधी मिळते आणि चारही वेळा हात हलवत परत यावं लागतं.

उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकपटू मुलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडली गेली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. (हा रिंकू सिंग वेगळा, षटकार मारणारा क्रिकेटपटू वेगळा.) मोठ्या लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. पण त्या स्पर्धेआधी ज्यांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता, त्यांनी व्यावसायिक सामन्यात चेंडू टाकला. इथल्या मराठी आईबापांना माझं सांगणं आहे, की गणिताच्या जादा वर्गाला जाणारा एक शनिवार मुलांना लिटल लीगसाठी द्या. लागोपाठ चार वेळा बाद होऊन पाचव्यांदा बॅट हातात घेणं तिथे शिकायला मिळतं, ते कोणत्याही वर्गात मिळत नाही.

आता शहराविषयी. बर्फ उपसून मोकळी केलेली पार्किंगची जागा पिट्सबर्गकर रस्त्यात खुर्ची ठेवून धरतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तशी. कायद्यात तिला आधार नाही, तरी कुणी ती खुर्ची हलवत नाही. मला ही पद्धत मान्य आहे, कारण ज्याने फावडं मारलं त्याचा तेवढा हक्क आहे. सिग्नल हिरवा होताच समोरच्याला आधी डावीकडे वळू देणं, हीसुद्धा इथली रीत. तीही ठेवा. मात्र बोगदा आला की ब्रेक दाबायची सवय सोडा. पुढे काही नाही, बोगदाच आहे.

स्टेडियमात गिऱ्हाईक स्वतः फ्रिजमधून पाण्याची बाटली काढतं, स्वतः यंत्रावर धरतं, स्वतः पैसे भरतं, आणि मग पडदा विचारतो की टीप किती देणार. कामगाराला पगार मालकाने द्यावा. तो टीपच्या नावाखाली माझ्याकडे ढकलू नये.

आणि सामना बघताना फोनमधून डोकं काढा. होम रन सगळे बघतात. मला बघण्यासारखी वाटते ती राइट फील्डमधून तिसऱ्या बेसवर आलेली फेक. फील्डर चेंडूकडे सरळ न जाता किंचित वळसा घेऊन येतो, म्हणजे झेलतानाच त्याचं वजन पुढच्या पायावर पडलेलं असतं. चेंडू हातमोज्यात आणि बाहेर, एकाच हालचालीत. मध्ये उभा असलेला कटऑफवाला हात वर करतो, मग चेंडूची उंची बघून हात खाली घेतो आणि त्याला जाऊ देतो. हे सगळं चार-पाच सेकंदांत घडतं, आणि टीव्हीवर यातलं निम्मं दिसत नाही. त्यासाठीच तिकीट काढायचं असतं.

टीव्हीपेक्षा रेडिओ बरा, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. बेसबॉलच्या सामन्याचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण याच शहरातून झालं. ५ ऑगस्ट १९२१, केडीकेए केंद्र, फोर्ब्ज फील्ड, पायरेट्स विरुद्ध फिलीज. हॅरोल्ड आर्लिन हा तरुण निवेदक प्रेक्षकांतल्या खुर्चीत बसून बोलत होता. हा खेळ रेडिओवर शोभतो, कारण दोन चेंडूंच्या मधला अवकाश शब्दांनी भरता येतो. पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या करताना कान तिकडे ठेवता येतो. बॅटचा आवाज भरीव आला की निवेदकाच्या आधी आपल्याला कळतं, चेंडू लांब गेला. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज संध्याकाळी हा आवाज घरात असतो. नवख्या गावात एकटं आलेल्या माणसाला अशा आवाजाचा किती आधार असतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

त्या आवाजात अलीकडे जुगाराच्या जाहिराती शिरल्यात, त्याचा मला संताप आहे. पुढचा चेंडू कसा पडेल यावरसुद्धा पैसे लावा म्हणतात. २०२४ च्या जूनमध्ये टुकुपिटा मार्कानोवर आजन्म बंदी आली. पायरेट्समध्ये असताना, दुखापतीमुळे बाहेर बसलेला असताना, त्याने आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले होते. खेळाडूला तहहयात घरी बसवायचं आणि सट्टेवाल्यांना मात्र जाहिरातीची जागा विकायची, हा न्याय नव्हे. भारताने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली. इथे निदान प्रक्षेपणातून तरी या जाहिराती काढा.

आता रोबेर्तो क्लेमेंटेविषयी. पोर्तो रिकोतून आलेला हा राइट फील्डर अठरा मोसम पायरेट्सकडून खेळला. चार वेळा लीगमध्ये सर्वोत्तम फलंदाजी सरासरी, क्षेत्ररक्षणाचे बारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, बरोबर ३,००० हिट्स. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात भूकंप झाला. तिथे पाठवलेली मदत सत्ताधाऱ्यांच्या माणसांकडून पळवली जातेय, असं कानावर आलं तेव्हा क्लेमेंटे सामान घेऊन स्वतः निघाला, म्हणजे आपल्यासमोर तरी ते लोकांच्या हाती पडेल. ३१ डिसेंबरच्या रात्री त्याचं विमान सान हुआनहून उडालं आणि समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडला नाही. तो ३८ वर्षांचा होता. त्याच्या जर्सीचा अंक २१. म्हणून पीएनसी पार्कची राइट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे, आणि सामन्याच्या दिवशी त्याच्या नावाचा पिवळा पूल गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना मोकळा करतात.

त्याच भिंतीवरचं २१ चं चिन्ह २०२५ मध्ये काढलं गेलं आणि तिथे मद्यमिश्रित पेयाची जाहिरात लागली. लोक खवळले, क्लेमेंटेच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा संघाने माफी मागून चिन्ह परत लावलं. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उघड झाली. मैदान उभं राहिलं तेव्हा चाहत्यांनी पैसे भरून, आईबापांची, आजोबांची नावं कोरून घेतलेल्या विटा पदपथावर बसवल्या होत्या. त्या उखडून भंगाराच्या आवारात टाकलेल्या सापडल्या. संघाने त्यावरही खुलासा केला. मला खुलासा नको आहे. जाहिरात लावण्याआधी त्या कार्यालयात एकालाही ‘थांबा’ म्हणावंसं वाटलं नाही, हे मला बोचतं.

या शहराकडे जपण्यासारखं पुष्कळ आहे. १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सने मोठ्या लीगच्या इतिहासात प्रथमच नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय आणि लॅटिन उतरवले. कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या लीगमधला जॉश गिब्सन इथल्याच क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज संघांकडून खेळला. २०२४ मध्ये त्या नीग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले तेव्हा .३७२ सरासरीने तो सर्वकालीन यादीत टाय कॉबच्याही वर गेला. उशीर फार झाला, पण झालं ते योग्यच झालं.

आणि १९६०. वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजने एकूण ५५ धावा काढल्या, पायरेट्सने २७, तरी सातव्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये बिल मॅझेरोस्कीने होम रन मारला आणि पायरेट्स १०-९ ने जिंकले. तो सामना झाला ते फोर्ब्ज फील्ड पुढे पाडलं, त्याच्या भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या परिसरात उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे घडीच्या खुर्च्या घेऊन जमतात आणि त्या सामन्याचं मूळ रेडिओ निवेदन पहिल्या चेंडूपासून ऐकतात. निकाल ठाऊक असून आठव्या इनिंगला माणसं अस्वस्थ होतात, आणि तीन वाजून छत्तीस मिनिटांनी जल्लोष करतात.

असे चाहते असलेल्या शहराला १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज मिळालेली नाही. १९९३ पासून लागोपाठ वीस मोसम पराभव जास्त, विजय कमी. प्लेऑफ शेवटचा पाहिला २०१५ मध्ये. बेसबॉलमध्ये संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा नाही, म्हणून डॉजर्स आमच्या तिपटीहून जास्त खर्च करतात, ही तक्रार खरी आहे. पण किमान मर्यादाही नाही, याबद्दल मालकमंडळी तेवढ्या जोरात बोलत नाहीत. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा लहान शहरांच्या संघांना मिळतो आणि तो मैदानावरचा खेळ सुधारण्यासाठी वापरावा, असं खेळाडू आणि मालकांच्या करारातच आहे. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने पायरेट्ससह चार संघांविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार केली होती. मैदान बहुतांशी जनतेच्या पैशातून बांधलं, तिकीट आम्ही काढतो, आणि स्कीन्स दहा सामने हरतो.

खेळाडू आणि मालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी आहे. आधी प्रत्येक संघाला किमान खर्चाची सक्ती करा आणि तो आकडा दरवर्षी जाहीर करा. त्यानंतरच कमाल मर्यादेबद्दल बोला.