न वाचणाऱ्यांची समीक्षा

पुस्तक संपलं की त्याबद्दल कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आमच्या पिंपळे गुरवात डायनासोर उद्यान आहे, निळू फुल्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, पण वाचलेलं ऐकून घेणारा माणूस मिळणं अवघड. म्हणून मी न वाचणाऱ्यांनाच गाठतो.

परवा गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचून झाला. वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार, मोठा दानधर्म होणार, असं कानावर आलं आणि 1857 साली निघाले. नेमके बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले आणि घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. ही हकिकत त्यांच्या पश्चात, 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापली. आजूबाजूला इतिहास पेटलाय आणि भटजींचं लक्ष स्नान, जेवण, दक्षिणा यांवर! मी हे भारावून सांगत होतो. बायको मेथी निवडत होती.

"म्हणजे बोनस चांगला म्हणून चाकणच्या कंपनीत लागला आणि नेमका संप झाला, असंच ना?"

"तसंच."

"आणि घरी काय आणलं, पाणी?"

"गंगाजल."

"तुम्ही तरी काय वेगळं करता? भाजीला पाठवलं की पुस्तक घेऊन येता."

मग 'कोसला' ही कादंबरी पुन्हा काढली. शेजारच्या अप्पांनी नायकाचं नाव विचारलं. पांडुरंग सांगवीकर, म्हटलं.

"नव्या सांगवीचा का जुन्या?"

ही आपल्या शेजारची नव्हे, खानदेशातली सांगवी, पुण्यात शिकायला आला, शिक्षण अर्धवट टाकून गावी परतला, असं मी थोडक्यात सांगितलं. अस्तित्ववादाकडे वळणार, तेवढ्यात अप्पांनी अडवलं.

"गावाला जमीन होती ना बापाची?"

"होती."

"मग बरोबर केलं पोरानं. आमच्या जमिनीवर सोसायट्या झाल्या. आम्ही रुसलो तर जायचं कुठं? पार्किंगमध्ये?"

1963 पासून या कादंबरीवर ढीगभर लिहिलं गेलंय. नायकाचा सातबारा बघायचं मात्र कुणाला सुचलेलं मी तरी वाचलेलं नाही.

देविदास सौदागरांच्या 'उसवण'ला 2024 मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. रेडिमेड कपड्यांनी शिंप्याचा धंदा कसा मोडला, त्याची ही कादंबरी. लेखक तुळजापूरचे, स्वतः मशीनवर बसलेले. मला ती फार लागली. तिरमिरीत पँट आखूड करायला घेऊन गेलो, तेव्हा आमच्या गल्लीतल्या टेलरला सगळी गोष्ट ऐकवली. तोंडातला दोरा काढून तो म्हणाला,

"शिंप्यानंच लिहिलंय?"

"हो."

"पुस्तक लिहायला वेळ मिळाला म्हणजे धंदा खरंच बसलाय."

मी गप्प. त्यानं पुस्तक उलटंपालटं करून शिवण पाहिली, बाइंडिंगची.

"ठेवून जा. पँट गुरुवारी."

पँट मिळाली, तीही वेळेवर. पुस्तक अजून बाहीपर्यंतच आलंय म्हणतो.