रोप मान टाकतंय? नर्सरीवाल्याशी भांडण्याआधी वाचा
(नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या)

साकीनाक्यात हातगाडीवर कळ्यांनी लगडलेला मोगरा दिसतो, आपण घेतो आणि ग्रिलमध्ये ठेवतो. आठवड्याभरात कळ्या गळतात, आपण चपला घालतो. त्या काढा आणि पुढचं वाचा.

१. तारीख बघा. नर्सरीत रोप हिरव्या जाळीखाली, ओलाव्यात लाडाकोडात वाढलेलं असतं. जागा बदलली की ते पानं गाळतं. पहिला पंधरवडा तक्रारीचा हक्क फक्त रोपाला आहे.

२. ऊन बघा. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. २०१४ पासून अंधेरी-कुर्ला रोडवर डोक्यावरून मेट्रो धावते. तुमची खिडकी त्या पुलाच्या सावलीत असेल, तर नर्सरीवाला निर्दोष. खैरानी रोडच्या बाजूला राहत असाल, तर आधी पानांवरची धूळ धुवा. खाली हिरवं पान सापडू शकतं.

३. शवविच्छेदन करा. रोप मातीसकट उपसा. मुळं काळी, लिबलिबीत आणि कुबट वासाची? पाणी जास्त झालं. आरोपी घरातच आहे. मुळंच नाहीत, नुसती खोचलेली फांदी? अभिनंदन, तुमची केस उभी राहिली.

४. आरोप नेमका ठेवा. आणल्याच दिवशी जास्वंदीच्या पानाखाली पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर तो तिकडूनच आलाय. ‘कलमी’ म्हणून घेतलेल्या आंब्याच्या खोडावर सांधा दिसत नसेल, तर बोला. फळझाडांच्या रोपवाटिकेला आपल्या राज्यात १९६९ च्या कायद्याने परवाना लागतो, हेही सहज बोलून जा.

५. संवादाचा सराव करा.
‘भैया, सूख गया.’
‘पानी ज़्यादा दिया होगा.’
‘नहीं, एक दिन छोड़के.’
‘तो कम दिया होगा.’
या युक्तिवादाला भलेभले वकील शरण जातील. म्हणून बोलू नका. बिनमुळांची फांदी गाडीवर ठेवा आणि गप्प उभे राहा. संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका, सकाळी तो रोपांवर पाणी मारत असताना गाठा. पैसे परत मागू नका, रोप बदलून मागा.

६. अगदीच पेटलात तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्र्याला बसतो. ८० रुपयांच्या मोगऱ्यासाठी रिक्षाचं जाऊन-येऊन भाडं किती होतं, ते आधी काढा. शिवाय बिल लागेल, आणि हातगाडीवर बिल मागणाऱ्याकडे लोक वळून बघतात.

सारांश: तक्रारीची सर्वांत फलदायी वेळ पैसे देण्याआधीची. पिशवी उचला, तळाच्या भोकांतून मुळं डोकावतात का बघा, पानं उलटून पाहा, खोड हलकेच हलवा. डगमगलं, तर तिथेच तक्रार करा. त्या क्षणी नर्सरीवाला अत्यंत नम्र असतो.